वाचकांचे प्रश्न : घरी येणारी रुग्णसेवा, वही आणि वस्तुस्थिती

प्रश्न : आईला अर्धांगवायूचा झटका येऊन तीन महिने झाले, ती अंथरुणावरच असते. घरी अटेंडंट पुरवणाऱ्या ब्यूरोकडून दिवसपाळीला एक आणि रातपाळीला एक अशा दोन अटेंडंट येतात. वहीत दर दोन तासांनी कूस बदलल्याची नोंद आहे, तरी माकडहाडाजवळ लाल चट्टा दिसतोय. चूक कोणाची?

उत्तर : चुकीचं नंतर. आधी चट्टा बघा. त्यावर बोट दाबून दोन-तीन सेकंदांनी उचला. जागा क्षणभर पांढुरकी पडून पुन्हा लाल झाली, तर तिथे रक्त अजून खेळतंय. भार काढल्यावर चट्टा बहुधा जातो. लाली जराही हलली नाही, तर ती दाबव्रणाची (एकाच जागी दाब राहून होणाऱ्या जखमेची) पहिली पायरी समजून डॉक्टरांना त्याच दिवशी कळवा. सावळ्या कातडीवर लाली चटकन दिसत नाही, तिथे हाताने तपासा : आजूबाजूपेक्षा गरम, टणक किंवा पिचपिचीत लागतं का? चट्टा चोळू नका आणि मध्ये भोक असलेली गोल उशी देऊ नका, तिच्या कडेचा दाब उलट जास्त लागतो.

आता वही उघडा. ८, १०, १२, २ अशा ठोक वेळा आणि एका दमात लिहिलेलं अक्षर दिसलं, तर ती वही बहुधा पाळी संपताना भरलेली असते. खरी नोंद वेडीवाकडी असते : ‘१०.२५, उजवी कूस, डायपर ओला, बदलला.’ वेळेपुढे कोणती कूस तेही लिहायला लावा. मग कधीही खोलीत डोकावलात तरी वही आणि रुग्ण जुळतात का ते कळतं.

कूस बदलूनही चट्टा येतो, त्याची कारणं निराळी. पूर्ण कुशीवर झोपवलं तर सगळा भार खुब्याच्या हाडावर पडतो. पाठीशी उशी देऊन साधारण ३० अंशच कलतं ठेवायचं. मग माकडहाडाखाली तळहात घातला तर तो सहज सरकला पाहिजे. पलंगाचं डोकं तासन्‌तास उंच राहिलं की शरीर पायथ्याकडे घसरतं. कातडी चादरीला चिकटून राहते, हाड पुढे जातं आणि मधल्या रक्तवाहिन्या ताणल्या-पिळल्या जातात. वर सरकवताना बगलेत हात घालून ओढलं तरी हेच होतं. अंगाखालची आडवी चादर दोघांनी दोन बाजूंनी धरून उचलावी. टाचा हवेत राहतील अशी उशी पोटऱ्यांखाली द्या. एअर मॅट्रेस असली तरी कूस बदलणं सुटत नाही.

चुकीबद्दल म्हणाल तर अटेंडंटच्या आधी ब्यूरोला विचारा : तुमचा पर्यवेक्षक न सांगता शेवटचा कधी आला, आणि त्याने वहीवर सही केली की कातडी पाहिली?

प्रश्न : वडिलांना नाकातल्या नळीतून अन्न देतात. अधूनमधून देताना खोकला येतो. काळजीचं आहे का?

उत्तर : आहे. खोकला आला की अन्न तिथल्या तिथे थांबवायचं. ‘थोडंच उरलंय’ म्हणून संपवणं, यासारखी घातक घाई नाही. अन्न फुप्फुसात गेलं तर न्यूमोनिया होऊ शकतो.

प्रत्येक वेळी आधी नाकपुडीपाशी नळीवरचा आकडा किंवा खूण बघायची. ती पूर्वीपेक्षा बाहेर आली असेल तर अन्न, पाणी, औषध काहीही द्यायचं नाही आणि नळी परत आत ढकलायची नाही, नर्सला बोलवायचं. नळी पोटातच आहे ना हे बघायला तिच्यातून हवा सोडून पोटावर आवाज ऐकण्याची पद्धत अजून सर्रास चालते, पण ती भरवशाची नाही. डोकं ३० ते ४५ अंश उंच हवं, आणि अन्न दिल्यानंतरही अर्धा ते एक तास तसंच. (त्यानंतर मात्र खाली घ्या, वरच्या उत्तरातलं घसरणं आठवा.) सिरिंजचा दट्ट्या काढून अन्न आपल्या वजनाने उतरू द्यायचं. आधी आणि नंतर साधारण ३० मिली पाणी सोडलं की नळी तुंबत नाही. डॉक्टरांनी पाण्यावर मर्यादा घातली असेल तर त्यांनी सांगितलं तेवढंच. हळूहळू विरघळणाऱ्या गोळ्या कुटून द्यायच्या नसतात, पर्याय डॉक्टरांकडून लिहून घ्या.

प्रश्न : पाळी बदलताना आजोबांना इन्शुलिन दोनदा दिलं गेलं. ब्यूरोने दुसऱ्या दिवशी अटेंडंट बदलून दिला. एवढं पुरे आहे का?

उत्तर : नाही. माणूस बदलणं हा सर्वांत सोपा इलाज. ज्या फटीतून चूक घुसली ती फट तशीच राहते. दोन्ही पाळ्यांची वेळ पंधरा मिनिटं एकमेकींवर यायला हवी, आणि काय दिलं, काय राहिलं, हे रुग्णाच्या उशाशी तक्ता समोर धरून सांगायला हवं. सही औषध दिल्यावर लगेच करायची. आधी नाही आणि पाळीच्या शेवटी तर नाहीच. ब्यूरोकडून घटनेचा लेखी अहवाल मागा. इंजेक्शन द्यायचा अधिकार त्या व्यक्तीला होता का, हेही त्यात यायला हवं. अटेंडंट आणि नर्स यांची कामं वेगळी असतात.

पुन्हा असं झालं तर लक्षणांची वाट न बघता डॉक्टरांना फोन करा आणि कोणतं इन्शुलिन, किती युनिट, किती वाजता ते सांगा. काही प्रकारांचा असर २४ तास किंवा जास्तही टिकतो. साखर ७० च्या खाली असेल आणि रुग्ण शुद्धीत, नीट गिळणारा असेल, तर १५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून द्या, १५ मिनिटांनी पुन्हा मोजा. शुद्ध नसेल तर तोंडात काही घालू नका, ॲम्ब्युलन्स बोलवा.

प्रश्न : आमच्याकडची अटेंडंट दिवसभर ग्लोव्हज घालून असते. स्वच्छतेचं एवढं पुरेसं आहे ना?

उत्तर : उलट तीच काळजीची गोष्ट. डायपर बदललेल्याच ग्लोव्हजनी पाण्याचा पेला उचलला जातो. ग्लोव्हज त्या एका कामापुरते. काढल्यावर हात साबणाने ४० ते ६० सेकंद धुवायचे. आणखी एक बघा : लघवीची पिशवी मूत्राशयाच्या पातळीखाली, पण जमिनीला न टेकता लटकतेय ना? व्हीलचेअरवर बसवताना ती क्षणभर मांडीवर ठेवली जाते, आणि पिशवीतली लघवी नळीतून उलटी फिरू शकते.