ब्रिटनमध्ये पीपीई करताना सोबत शून्यापासून पोर्तुगीज घ्यावी का? ही खिचडी झेपते का?

झेपते. मी हेच केलंय. तत्त्वज्ञान, राज्यशास्त्र आणि अर्थशास्त्र यांची तीन वर्षांची पदवी, आणि पहिल्या वर्षाच्या 120 क्रेडिटपैकी 20 पोर्तुगीजला. तुम्ही लिहिलंय की घरचे म्हणतात, "तीन विषय अर्धवट, वर एक भाषा, म्हणजे धड ना इकडचं ना तिकडचं." शंका रास्त आहे, पण विषय किती आहेत याचा त्रास होत नाही. त्रास होतो तो गणिताचा आणि दर आठवड्याच्या निबंधाचा.

पीपीई मूळची ऑक्सफर्डची. ग्रीक-लॅटिनच्या जुन्या अभ्यासक्रमाला आधुनिक पर्याय म्हणून 1920च्या सुमारास ती तिथे सुरू झाली. हॅरल्ड विल्सनपासून ऋषी सुनकपर्यंत ब्रिटनचे बरेच पंतप्रधान तिथूनच बाहेर पडले. बेनझीर भुट्टो आणि इम्रान खानही. त्यामुळे 'नेते घडवणारी पदवी' असा तिचा बोलबाला आहे. तो मनावर घेऊ नका. माझ्या वर्गातले बहुतेक जण सल्लागार कंपन्या, सरकारी खाती, पत्रकारिता, नाहीतर पुढे वकिली अशा वाटांना लागले.

पहिल्या वर्षी तिन्ही विषय सक्तीचे असतात. पुढे बऱ्याच ठिकाणी एक सोडता येतो किंवा कमी करता येतो, म्हणजे 'तीन अर्धवट' ही भीती दुसऱ्या वर्षापासून आपोआप कमी होते. मी अर्थशास्त्र आणि राज्यशास्त्र धरलं, तत्त्वज्ञानाचा एकच पेपर ठेवला.

बारावीला गणित सोडलं असेल, तर निघण्याआधीच्या सुट्टीत डेरिव्हेटिव्ह पक्के करून जा. अर्थशास्त्र म्हटलं की आपल्याकडे पंचवार्षिक योजना आणि दारिद्र्यरेषा डोळ्यांपुढे येते. तिकडे पहिल्याच महिन्यात ग्राहकाचं बजेट देऊन 'आता याची उपयोगिता कमाल करा' म्हणतात (म्हणजे तेवढ्या पैशात त्याला जास्तीत जास्त समाधान मिळवून द्या) आणि त्यासाठी लॅग्रांजची गणिती पद्धत पुढ्यात ठेवतात. तत्त्वज्ञानातही सुरुवातीला सॉक्रेटिस कमी आणि तर्कशास्त्राची ट्रूथ टेबलं, म्हणजे विधानांच्या खरे-खोटेपणाचे तक्ते, जास्त. गणिताची सवय असेल तर तिथे उलट मजा येते.

निबंधाचं मात्र आपल्याला खरंच नव्याने शिकावं लागतं. 'आजच्या धकाधकीच्या युगात...' छाप सुरुवातीवर आपण शाळाभर गुण मिळवलेले असतात. माझ्या पहिल्या निबंधात 'समाजाला ही विषमता मान्य नाही' असं वाक्य होतं. प्राध्यापिकाबाईंनी 'समाजाला' या शब्दाभोवती पेन्सिलने गोल केला आणि विचारलं, हे कोण लोक? त्यातल्या किती जणांना मान्य नाही? आणि मान्य नसलं तरी त्यावरून ती अन्याय्य ठरते का? तिसऱ्या प्रश्नावरच उरलेला तास गेला. त्यानंतर मी दर वाक्य लिहिताना मनात तोच गोल काढू लागलो.

आता पोर्तुगीज. आपल्याला दोन गोष्टींचा फायदा मिळतो. तिच्यातल्यासारखे नाकातले स्वर आपल्या कानावर असतात, कोकणी-मालवणी ऐकलेली असेल तर फारच. आणि टेबल स्त्रीलिंगी का, हा प्रश्न इंग्रज मुलांना छळतो, तीन लिंगांत वाढलेल्या माणसाला दोनच लिंगं म्हणजे सवलत वाटते. घाम फुटतो तो क्रियापदांच्या रूपांनी, आणि ऐकण्याने. ब्राझीलवाले स्वर मोकळे ठेवतात, लिस्बनवाले अर्धे गिळतात. रात्रीला रिओत 'नॉयची' म्हणतात, लिस्बनमध्ये 'नॉइत'. शिक्षक कुठल्या देशाची भाषा शिकवणार आहेत हे आधीच विचारा, मध्येच बदललं की कान गोंधळतात. एका वर्षात कॉफी मागणं, रस्ता विचारणं आणि बातम्यांचे मथळे वाचणं एवढं जमतं. लेख वाचायचे तर दुसरं वर्ष हवंच. दुसऱ्या वर्षी चालू ठेवणार नसाल तर घेऊ नका, हे माझं स्पष्ट मत. तेवढ्या क्रेडिटमध्ये संख्याशास्त्र घ्या.

चालू ठेवलीत तर पीपीईला ती चांगलीच कामी येते. ब्राझीलचं उदाहरण घ्या. 1993 मध्ये तिथे महागाईचा दर वर्षाला 2,000 टक्क्यांच्या वर होता. नोटांचं नाव बदलणं, किमती गोठवणं, सगळं करून झालं होतं. 1994च्या मार्चमध्ये सरकारने 'यूआरव्ही' नावाचं फक्त हिशेबापुरतं एकक आणलं. पगार, करार आणि हळूहळू दुकानातल्या किमती या एककात सांगायच्या, पैसे मात्र त्या दिवशीच्या दराने जुन्याच नोटांत मोजायचे. नोटांतला आकडा रोज फुगायचा, एककातला जागचा हलायचा नाही. लोकांना स्थिर किमतीची सवय झाली, आणि 1 जुलैला त्या एककाचंच 'रेआल' नावाचं चलन झालं: 2,750 जुन्या क्रुझेइरो रेआलना एक नवा. महागाई निव्वळ सवयीने टिकून राहते का, हा झाला अर्थशास्त्राचा प्रश्न. योजना आणणारे अर्थमंत्री फर्नांदो एन्रिके कार्दोसो मूळचे समाजशास्त्रज्ञ, आणि त्याच ऑक्टोबरात ते राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक जिंकले, हे राज्यशास्त्र. आणि हातात न येणाऱ्या एककावर लोक विश्वास ठेवतात तेव्हा पैसा म्हणजे नक्की काय, हे तत्त्वज्ञान. तिन्ही पेपरांत मी हे उदाहरण वापरलं, निर्लज्जपणे. पुण्याच्या महापालिकेने नागरिकांच्या सूचनांवर अंदाजपत्रक करण्याचा जो प्रयोग केला, त्याचं मूळही ब्राझीलच्या पोर्तो अलेग्रे शहरात, 1989 मध्ये आहे.

दुसरा खजिना तर आपल्या शेजारीच आहे. गोव्यातल्या नावेलीचे फ्रान्सिस्को लुईस गोम्स (1829–1869) पेशाने डॉक्टर, लिस्बनच्या संसदेत गोव्याचे प्रतिनिधी, आणि गोव्यातल्या जमिनीवर व ग्रामीण अर्थकारणावर पोर्तुगीजमध्ये लिहिणारे अर्थतज्ज्ञ. पीपीईवाल्याला यापेक्षा जवळचा पूर्वज कुठे मिळणार? गावकऱ्यांच्या सामाईक जमिनीची कोमुनिदाद पद्धत, 1867च्या पोर्तुगीज नागरी संहितेचा आजही गोव्यात लागू असलेला भाग, मराठे आणि पोर्तुगीज यांच्यातला पत्रव्यवहार, हे सगळं मूळ भाषेत वाचणारे अभ्यासक फार थोडे आहेत. इतिहाससंशोधक पांडुरंग पिसुर्लेकरांनी गोव्याच्या दप्तरखान्यात बसून जे काम केलं, त्यात अजून पुष्कळ भर घालता येईल. समान नागरी कायद्यावर टीव्हीवर तावातावाने भांडणाऱ्यांपैकी गोव्याची ती नागरी संहिता किती जणांनी उघडली असेल, देव जाणे.

फीचं गणित तुम्ही विचारलं नाहीत, पण घरच्यांचा खरा आक्षेप तोच असावा. शिष्यवृत्ती नसेल तर कर्ज काढून जाण्याचा सल्ला मी देणार नाही. सोनीपतच्या अशोका विद्यापीठात याच तीन विषयांची एकत्र पदवी आहे. तीही स्वस्त नाही, पण परदेशापेक्षा बरीच कमी. पोर्तुगीजसाठी गोवा विद्यापीठात स्वतंत्र अध्यापन आहे आणि पणजीत पोर्तुगाल सरकारच्या कामोंइश संस्थेचं भाषा केंद्रही आहे.