वाचक विचारतात : जादूचे पाय आणि शनिवारची रात्र

प्रश्न : आमच्या फुटबॉल क्लबात १९ वर्षांचा एक विंगर, म्हणजे कडेने चढाई करणारा खेळाडू, आहे. चेंडू पायाला डिंकाने चिकटवल्यासारखा. पण सरावाला आठवड्यातून एकदा उगवतो, शनिवारी रात्री ‘बसतो’ आणि रविवारी गोल मारून मोकळा होतो. बोललं की म्हणतो, जॉर्ज बेस्टपण पीतच होता. त्याला काढावं की खपवून घ्यावं?
– एक प्रशिक्षक, मिरज

उत्तर : दोन्ही नको. आधी त्याच्या बेस्टचा हिशेब पुरा करू. इंग्लंडच्या मँचेस्टर युनायटेड क्लबच्या या विंगरने १९६८ मध्ये युरोपियन कप जिंकला आणि त्याच वर्षी, २२व्या वर्षी, तो युरोपातला सर्वोत्तम खेळाडू ठरला. फेब्रुवारी १९७० मध्ये चार आठवड्यांची बंदी संपवून आला आणि नॉर्थॅम्प्टनवर एकट्याने सहा गोल चढवले. पोरांना इथवरच ठाऊक असतं. जानेवारी १९७४ मध्ये युनायटेडचं मैदान त्याला सुटलं ते कायमचं, वय अवघं २७. पुढे किरकोळ क्लबांतून फिरत राहिला. २००२ मध्ये यकृत बदलावं लागलं, तरी ग्लास सुटला नाही. २००५ मध्ये ५९व्या वर्षी गेला.

तुमचा मुलगा रविवारी गोल मारतो, कारण एका गोलाला एकच चांगली धाव पुरते. दारूचा फटका दिसतो तो पुढच्या स्प्रिंटमध्ये, म्हणजे जोरदार धावेत. पहिल्या धावेत बॅकला, म्हणजे समोरच्या बचावपटूला, मागे टाकतो, सत्तराव्या मिनिटाला त्याच बॅककडून चेंडू गमावतो. म्हणून भांडू नका, मोजा. दर सोमवारी सगळ्या संघाचे ३० मीटरचे सहा स्प्रिंट घ्या, मध्ये ३० सेकंद विश्रांती. पहिली आणि सहावी वेळ वहीत लिहा. चार आठवड्यांत पिण्यानंतरचा सोमवार आणि न पिता आलेला सोमवार त्याच्याच आकड्यांत वेगळे दिसतील. पोरगं तुमचं ऐकणार नाही, घड्याळाचं ऐकेल.

त्याला एक गणितही मांडून दाखवा. क्वार्टरमध्ये, म्हणजे १८० मिली व्हिस्कीत, सुमारे ६० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असतं. यकृत तासाला ७ ते १० ग्रॅम उरकतं. रात्री अकराला क्वार्टर संपली तर ती पहाटे पाच ते साडेसातपर्यंत रक्तात असते. दोन क्वार्टर झाल्या तर नऊच्या सामन्याला पोरगं प्यालेलंच उतरतं. लिंबूपाणी, काळी कॉफी, गार पाण्याची अंघोळ यांनी यातलं एक मिनिटही कमी होत नाही. सामन्यानंतर पिणंही महागच. भरपूर दारू पोटात असली की प्रथिनं खाल्ली तरी स्नायूंची दुरुस्ती जवळपास चौथ्या हिश्शाने मंदावते. घोटा मुरगळलेला असेल तर पहिले ४८ तास दारूने सूज वाढू शकते आणि दुखापत रेंगाळू शकते. शिवाय महाराष्ट्रात बिअरसाठी २१ आणि व्हिस्की-रमसाठी २५ वर्षं पूर्ण लागतात. तुमचा मुलगा १९चा आहे, तेव्हा त्याला बाटली कोण आणून देतं हेही बघा.

खरं दुखणं बहुतेक वेळा तिथेच असतं. जिंकल्यावर पाजणारे हौशी समर्थक आणि हातात रोख मिळणारं बक्षीस. बक्षीस खात्यावर भरा. सामना संपल्यावर पहिल्या तासात संघाला क्लबतर्फे खायला घाला. ६० किलोच्या मुलाला मूठभर, म्हणजे ५० ग्रॅम, बेदाणे आणि एक मोठं केळं पुरे, त्यातून साधारण ६० ते ७० ग्रॅम कर्बोदकं जातात. रात्री आठपर्यंत सगळ्यांनी एकत्र जेवायचं. भरल्या पोटी बसायची हौस निम्मी होते.

नियम एकच ठेवा, तोही सगळ्यांना : गुरुवारचा सराव चुकला की रविवारी सुरुवात बाकावर. फायनललाही. त्याला एकट्याला सूट दिलीत की महिन्याभरात पाच जण तेच करतील. चारचौघांत पाणउतारा केलात तर मैदान सोडून जाईल आणि मग रोजच बसेल. बोलायचं ते एकट्याला घेऊन, सोमवारी. हरल्याच्या संध्याकाळी तर मुळीच नाही.

प्रश्न : बंडखोर स्वभाव आणि व्यसन बरोबरच येतात का? आमचा मुलगा प्रत्येक सूचनेवर ‘का?’ विचारतो.
– एक पालक, कऱ्हाड

उत्तर : ‘का?’ विचारणारा बिघडलेला नसतो. मँचेस्टर युनायटेडच्याच एरिक कॅन्टोनाने जानेवारी १९९५ मध्ये प्रेक्षकाला लाथ घातली, सप्टेंबरअखेरपर्यंत बंदी भोगली. पण सराव संपल्यावर मैदानात थांबून आणखी सराव करणारा म्हणूनही तो ओळखला जायचा. परतला त्याच हंगामात युनायटेडने लीग आणि एफए कप दोन्ही घेतले. ब्राझीलचा १९८२चा कर्णधार सॉक्रेटिस पदवीधर डॉक्टर. देशात लष्करी राजवट असताना त्याच्या कोरिंथियन्स क्लबात निर्णय मतदानाने व्हायचे. सिगारेट आणि दारू मात्र या डॉक्टरला सुटली नाही, २०११ मध्ये ५७व्या वर्षी गेला. त्याचं बंड आणि त्याचं पिणं ही दोन वेगळी खाती आहेत. वाद घालणाऱ्या मुलाकडे कॉर्नर-फ्रीकिकची आखणी सोपवायला प्रशिक्षकांना सांगा. डोकं कामाला लागलं की तोंड आपोआप कमी चालतं.

प्रश्न : मुलगा मावा खातो. धूर नाही, म्हणून दमावर परिणाम नाही असं म्हणतो. खरं का?
– एक आई, तासगाव

उत्तर : अर्धं खरं, म्हणून जास्त घातक. सिगारेटमधला कार्बन मोनॉक्साइड रक्तातल्या ऑक्सिजनची जागा अडवतो, तो माव्यात नाही. पण निकोटिन आहेच. त्याने नाडीचे ठोके दहा-वीसने वाढतात, म्हणजे वॉर्म-अपआधीच हृदय पळायला लागतं. सुपारीने गालाची आतली त्वचा ताठ होत जाते आणि ती पुन्हा पूर्वीसारखी होत नाही. घरीच बघा : त्याची स्वतःची तीन बोटं उभी तोंडात जातात का? जात नसतील तर लगेच दंतवैद्य गाठा.

सोडताना पहिले तीन दिवस सगळ्यात अवघड. तलफ येते ती तीन ते पाच मिनिटांची, तेवढा वेळ बडीशेप किंवा लवंग चघळू द्या. तंबाखू काढून नुसती सुपारी देऊ नका, नेमकी तिथेच चूक होते. निकोटिनचं च्युइंगगम सतत चघळायचं नसतं. थोडं चावून गालात ठेवायचं. त्याआधी पंधरा मिनिटं चहा नको, नाहीतर ते लागू पडत नाही. मुलगा १८च्या आतला असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. तंबाखू सोडण्यासाठी १८००-११-२३५६ हा मोफत क्रमांक आहे.

प्रश्न : वय २६, रोज पितो. आता सोडून फुटबॉलला काही उपयोग?
– एक डिफेंडर, सातारा

उत्तर : इंग्लंडच्या आर्सेनल क्लबचा कर्णधार टोनी अॅडम्स दारू पिऊन गाडी चालवल्याबद्दल तुरुंगात जाऊन आला होता. सप्टेंबर १९९६ मध्ये, २९व्या वर्षी, आपण दारूचे व्यसनी आहोत हे त्याने जाहीर केलं. त्यानंतर १९९८ आणि २००२ मध्ये त्याच्या संघाने लीग आणि कप दोन्ही जिंकले. तोही डिफेंडरच. तुम्हाला तीन वर्षं हातात आहेत.

मात्र रोज पिणाऱ्याने एका रात्रीत बंद करायचं नाही. सकाळी हात थरथरत असतील किंवा उठल्याउठल्या लागत असेल तर अचानक बंद केल्यावर घाम सुटणं, भास होणं, पहिल्या दोन दिवसांत फिट येणं, असं होऊ शकतं. त्यातून जीवही जातो. आधी सिव्हिलमधल्या मानसोपचार विभागात दाखवा, घरातलं एक माणूस बरोबर न्या. रात्री-अपरात्री विचारायचं असेल तर व्यसनमुक्तीचा राष्ट्रीय क्रमांक १४४४६. सराव डॉक्टर सांगतील तेव्हा, आणि पहिला आठवडा फक्त चालणं.