टीमपासून लपवू नकोस

अनेक आशीर्वाद.

तुझ्या स्लाइड्स पाहिल्या. मेहनत दिसते. पण मेलच्या शेवटी तू लिहिलंयस की डिसेंबरअखेर तिघांना प्रोजेक्टमधून रिलीज करणार, म्हणजे काढणार आहेत, मॅनेजरने कोणाला सांगू नकोस म्हटलंय, आणि निदान तोपर्यंत टीम एकत्र राहावी म्हणून हे अव्हेंजर्सच्या सुपरहिरो सिनेमांवरचं टीम-बिल्डिंग सेशन चांगलं व्हायला हवं. ते वाचलं आणि स्लाइड्सच्या रंगांबद्दल बोलायची इच्छाच उरली नाही. ज्या सिनेमांचा तू आधार घेतेयस, ते तुझ्या बेताच्या बरोबर उलटं सांगतात.

कोण थॉर, कोण हल्क, कोण ब्लॅक विडो हे तू वाटून ठेवलंयस, आणि वेगवेगळ्या स्वभावांची माणसं एकत्र आली की ताकद वाढते, असं पहिल्याच स्लाइडवर लिहिलंयस. स्वभावांचं सोड. ही अव्हेंजर्सची टीम प्रत्येक वेळी नेमकी कशावरून फुटते ते बघ.

२०१२ चा पहिला सिनेमा घे. हेलिकॅरियर या उडत्या जहाजावरच्या प्रयोगशाळेतल्या भांडणाला तू ‘अहंकाराचा संघर्ष’ असं नाव दिलंयस. परत बघ तो प्रसंग, घाई न करता. शील्ड या गुप्त संघटनेचा प्रमुख फ्युरी याने कॅप्टन अमेरिकाला टेसरॅक्ट या अफाट शक्तीच्या घनाबद्दल सांगताना जगाला लागणाऱ्या अखंड ऊर्जेच्या गोष्टी केल्या होत्या. इकडे स्टार्क, म्हणजे आयर्न मॅन, शील्डच्या फाइली फोडतो, तिकडे कॅप्टन स्वतः गोदामात शिरून एक शस्त्र उचलून आणतो आणि सगळ्यांसमोर टेबलावर आपटतो. त्याच टेसरॅक्टपासून शस्त्रं बनत होती. भांडण पेटतं ते इथे. मग जो तो एकमेकांची उणीदुणी काढायला लागतो, आणि त्या गदारोळात बॅनरच्या, म्हणजे हल्कच्या, हातात खलनायक लोकीचा राजदंड कधी आला हे त्याचं त्यालाही कळत नाही. राजदंडाच्या जादूने भांडण झालं असं तू म्हणशील. जादूने वारा घातला असेल, पण विस्तव फ्युरीने आधीच झाकून ठेवला होता.

तुझ्या टीममधले ते दोन सीनियर अप्रेझलनंतर एकमेकांशी बोलत नाहीत म्हणतेस. त्यांचे स्वभाव जुळत नाहीत हे तुला कोणी सांगितलं? रेटिंग कोणत्या निकषांवर दिलं हे त्यांना कोणी नीट समजावलंय का? नसेल, तर दोघांना एकाच रंगाचे टी-शर्ट घालून दोरी ओढायला लावून काय साधणार आहेस?

आणि ते कोलसनचे पत्ते स्लाइडवरून काढून टाक. शील्डचा एजंट कोलसन मारला गेल्यावर फ्युरी त्याचे रक्ताने माखलेले, कॅप्टन अमेरिकाच्या चित्रांचे पत्ते टेबलावर फेकतो, सगळे गहिवरतात आणि लढायला उठतात. तू त्याला ‘प्रेरणा देणारा नेता’ म्हटलंयस. पण लगेच सहकारी मारिया हिल फ्युरीला सांगते की ते पत्ते कोलसनच्या जाकिटात नव्हतेच, लॉकरमध्ये होते. म्हणजे रक्त नंतर लावलेलं. एका लढाईपुरतं अशाने भागतं. तुला याच माणसांबरोबर रोज सकाळी स्टँडअप मीटिंगला उभं राहायचंय.

त्याच सिनेमाचा शेवट मात्र अवश्य दाखव. परग्रहवासीयांचा हल्ला झालेल्या न्यूयॉर्कवर अणुबॉम्ब टाकायचा निर्णय शील्डच्या वरच्या कौन्सिलने घेतलाय, आणि हा सतत लपवाछपवी करणारा फ्युरी या वेळी थेट स्टार्कला कळवतो: क्षेपणास्त्र शहराकडे निघालंय, फार तर तीन मिनिटं आहेत. वरिष्ठांचा निर्णय, त्यांच्या मर्जीविरुद्ध, ज्याच्या हातात काम आहे त्याला सांगितला. स्टार्क तेच पुढे बाकीच्यांना सांगतो. म्हणून नताशा, म्हणजे ब्लॅक विडो, हल्लेखोर ज्यातून येतायत ते आकाशातलं पोर्टल बंद करायची थांबते, स्टार्क क्षेपणास्त्र त्यातून पलीकडे नेतो, म्हणून शहर वाचतं. वाईट बातमी वेळेत सांगितली तर माणसं तिच्यावर काहीतरी करू शकतात. मला तुला एवढंच सांगायचंय आणि या पत्रात मी तेच पुनःपुन्हा सांगणार आहे.

कारण यातलं सगळ्यात मोठं नुकसान वाईट माणसाने केलेलंच नाही. ते कॅप्टन अमेरिकाने केलं, टीममधल्या सगळ्यात सरळ माणसाने. २०१६ च्या सिव्हिल वॉरमध्ये सुपरहिरोंवर संयुक्त राष्ट्रांचं नियंत्रण आणणाऱ्या सोकोव्हिया करारावरून मतभेद होतात, ते मिटू शकले असते. सायबेरियातल्या त्या बंकरमध्ये स्टार्कला १९९१ चं चित्रीकरण बघायला मिळतं, आपल्या आईवडिलांना कॅप्टनचा जुना मित्र बकी याने मारलं ते. तो कॅप्टनकडे वळून विचारतो, तुला माहीत होतं? कॅप्टन आधी आडवळणाने उत्तर देतो. स्टार्क परत विचारतो. मग हो म्हणतो. त्या ‘हो’नंतर टीम उरत नाही. शेवटी कॅप्टन पत्रात लिहितो की मला वाटलं मी तुला दुःखापासून वाचवतोय, खरं तर मी स्वतःलाच वाचवत होतो.

ही ओळ तू स्वतःसाठी लिहून ठेव. टीमचं मनोधैर्य खचू नये म्हणून गप्प आहे, असं तू लिहिलंयस. खरंच त्यांच्यासाठी? की त्या तिघांच्या डोळ्यांत बघून बोलावं लागेल, ते पुढे ढकलायचंय? रागावू नकोस. तू चांगली मुलगी आहेस, म्हणूनच विचारतोय. निबर माणसाला हा प्रश्न विचारून उपयोग नसतो.

२०१८ च्या इन्फिनिटी वॉरमध्ये थॅनोस हा खलनायक येतोय हे कळतं, तेव्हा कॅप्टनने पाठवलेला फोन स्टार्कच्या खिशात असतो आणि तरी त्याचा हात धजत नाही. निम्मे टायटन ग्रहावर लढतात, निम्मे आफ्रिकेतल्या वाकांडात, आणि दोन्हीकडे हरतात. लपवल्याची किंमत बऱ्याचदा अशी उशिरा, दुसऱ्याच ठिकाणी वसूल होते.

मी हे नुसतं सिनेमे बघून सांगत नाही. २००८-०९ च्या मंदीत माझ्या हाताखालची टीम कमी होणार होती आणि मलाही गप्प बसायला सांगितलं होतं. टीममधला एकजण त्या शनिवारी वाकडला फ्लॅटचं बुकिंग करणार होता. चेकबुक घेऊनच ऑफिसला आला होता, मला बिल्डरचा नकाशा दाखवत होता, बाल्कनी कोणत्या बाजूला आहे ते. मी त्याला खाली चहाच्या टपरीवर नेलं आणि सांगून टाकलं. संध्याकाळी सगळ्या टीमला सांगितलं. दोघांनी लगेच दुसरीकडे नोकऱ्या बघितल्या, क्लायंटने वर तक्रार केली, माझं प्रमोशन गेलं. शिस्त मोडलीस, असं मला ऐकवलं गेलं. अजूनही जुने सहकारी भेटले की कोणीतरी म्हणतं, तू थोडं थांबायला हवं होतंस. का थांबायला हवं होतं? त्याने हप्ता सुरू केल्यावर सांगायचं होतं? जे गेले ते तसेही जाणारच होते, आणि जे राहिले त्यांनी हातातलं काम रात्री जागून पूर्ण केलं, कारण त्यांच्यापासून मी काही झाकत नाही हे त्यांना ठाऊक होतं. प्रमोशन गेल्याचं वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. वाईट याचंही वाटतं की आम्ही ज्युनियर होतो तेव्हा आमच्यासाठी असं कोणी बोललं नाही.

सगळंच चव्हाट्यावर मांड असं मी म्हणत नाही. कोणाचा पगार, कोणाचं आजारपण, हे ज्याचं त्याच्यापाशी राहू दे. पण ज्या बातमीने माणसाच्या पोटावर येणार आहे, ती त्याच्या मालकीची आहे. ती त्याच्यापासून लपवू नकोस.

सोमवारी आधी मॅनेजरकडे जा. परवानगी मागू नकोस, तारीख माग: तुम्ही कधी सांगताय, या आठवड्यात नसेल तर मी सांगते. चोरून काही करू नकोस, त्यांच्यापासूनही लपवू नकोस. सेशन नंतर घे. आधी घेतलंस आणि महिन्याभराने बातमी फुटली, तर त्या दिवशीचा प्रत्येक फोटो तुझ्याविरुद्ध जाईल.

तिघांपैकी ज्याच्या बायकोचं बाळंतपण जानेवारीत आहे म्हणालीस, त्याला सगळ्यांच्या आधी, एकट्याला बोलावून सांग. आणि त्याच्याआधी एचआरकडून बेंचवर, म्हणजे प्रोजेक्टविना पगारावर, किती दिवस ठेवतात आणि तोवर मेडिक्लेम चालू राहतो का, हे लेखी घेऊन ठेव. तो पहिल्यांदा तेच विचारेल.