डॅलसचा दावा, न्यू जर्सीचा वकील

प्रश्न : मी न्यू जर्सीत एडिसनला राहतो. व्यावसायिक गुपितं नेल्याचा आरोप करून जुन्या कंपनीने माझ्यावर डॅलसच्या फेडरल कोर्टात दावा लावला आहे. समन्स हातात पडून नऊ दिवस झाले. माझ्या विश्वासाचे वकील इथले आहेत, टेक्ससची सनद त्यांच्याकडे नाही. व्हिसाचं काम पाहणारे वकील म्हणतात, फेडरल मॅटरला कुठल्याही राज्याचा वकील चालतो. खरं काय?

उत्तर : त्यांच्या कामापुरतं त्यांचं बरोबर आहे. इमिग्रेशनला कुठल्याही एका राज्याची सनद देशभर चालते. फेडरल डिस्ट्रिक्ट कोर्टांचं तसं नाही. ती ९४ आहेत आणि आपल्यापुढे कोणी उभं राहायचं हे प्रत्येक कोर्ट स्वतःच्या नियमांनी ठरवतं.

तुमचे वकील डॅलसला उभे राहू शकतात, पण न्यायाधीशांची परवानगी काढून. तिला 'प्रो हॅक व्हाइस' म्हणतात, म्हणजे या एकाच दाव्यापुरती. डॅलसचं फेडरल कोर्ट टेक्ससच्या 'नॉर्दर्न डिस्ट्रिक्ट'मध्ये येतं; तिथे त्यासाठी न्यू जर्सीची सनद पुरते. अर्जाबरोबर ती चालू असल्याचा दाखला आणि फी द्यावी लागते. वकिलांनी आपसात सभ्यतेनं कसं वागावं हे सांगणारा १९८८ चा 'डोन्डी' निकाल आपण वाचला आहे, असंही वकिलाने लिहून द्यायचं असतं. ही परवानगी म्हणजे हक्क नव्हे. बाहेरच्या वकिलाला असा घटनात्मक हक्क नाही, असं अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने १९७९ मध्येच सांगितलं आहे.

दुसरी अट खर्चाची आहे. वकिलाचं घर किंवा मुख्य ऑफिस कोर्टापासून ५० मैलांच्या आत नसेल, तर न्यायाधीशांनी सूट दिल्याशिवाय तिथला स्थानिक वकील बरोबर घ्यावाच लागतो. तो सही-शिक्क्यापुरता नसतो. न्यायाधीशांनी ऐनवेळी सुनावणी लावली तर तुमची बाजू मांडण्याचा अधिकार आणि तयारी त्याच्याकडे हवी. दोन वकिलांचा भुर्दंड जाचक वाटेल, पण अलाहाबाद हायकोर्टातही बाहेरच्या वकिलाला स्थानिक वकील सोबत लागतो आणि भारताच्या सुप्रीम कोर्टाने २०१६ मध्ये तो नियम कायम ठेवला.

मला खरी काळजी तुमच्या नऊ दिवसांची वाटते. समन्सचा कागद पुन्हा काढा. उत्तराला २१ दिवस, मिळाला तो दिवस सोडून, असं त्यावर छापलेलं आहे. म्हणजे तुमच्याकडे १२ दिवस उरले. परवानगीचा अर्ज टाकला म्हणून ही मुदत थांबत नाही, आणि ती चुकली तर एकतर्फी निकालाची वाट मोकळी होते. म्हणून आधी डॅलसचा वकील नेमा. तो हजर होऊन समोरच्या वकिलाच्या संमतीने मुदतवाढ मागेल. तुमच्या वकिलांचा अर्ज त्यामागून येऊ द्या.

एक गोष्ट मात्र हातची जाऊ देऊ नका. तुम्ही टेक्ससला कधी कामच केलं नसेल, तर तिथल्या कोर्टाला तुमच्यावर अधिकारक्षेत्र नाही ही हरकत घेता येईल. ती पहिल्याच अर्जात किंवा कैफियतीत घ्यावी लागते, नंतर घेता येत नाही. तेव्हा उद्या वकिलांशी बोलताना नोकरीचा करार समोर ठेवा. दावे टेक्ससलाच चालतील असं कलम त्यात तुम्ही सही करून मान्य केलं असेल, तर या हरकतीत फारसा दम उरणार नाही.