‘वाघ्याच्या तोंडाला रक्त लागलं’ असं वाटलं तेव्हा

चिपळूणजवळच्या एका वाडीतून काकूंचा फोन आला. घरी ९ गावठी कोंबड्या, एक कोंबडा आणि १३ वर्षांचा वाघ्या कुत्रा. पिल्लं त्याच्या पाठीवर चढून बसायची, तरी इतक्या वर्षांत त्याने कुणाला कधी इजा केली नव्हती. आणि आता पंधरा दिवसांत दोघींना तोंडात धरलं, त्यातली एक मेली. मुलगा म्हणत होता, ‘एकदा तोंडाला रक्त लागलं की संपलं, लांब सोडून येऊ.’ काकूंनी तोवर त्याला पडवीच्या खांबाला साखळीने बांधलं होतं. रडवेल्या आवाजात त्यांनी विचारलं, ‘हा असा का वागायला लागला हो? आणि आता ठेवायचा कसा?’

म्हातारा कुत्रा आणि कोंबड्या एकाच अंगणात असल्या की ही काळजी कधी ना कधी समोर येतेच.

पहिला प्रश्न रेबीजच्या लशीचा. लस चुकलेली असेल आणि कुत्र्याचं वागणं अचानक बदललं असेल, तर त्याच्या तोंडाजवळ हात न्यायचा नाही, त्याला वेगळं ठेवून आधी पशुवैद्यांना कळवायचं. वाघ्याची लस दरवर्षी झालेली होती, खाणंपिणं नीट होतं, माणसं ओळखत होता.

मग काकूंना ७ दिवस, वाघ्या कोंबडीवर गुरकावला किंवा चावला की वहीत चारच गोष्टी लिहायला सांगितल्या: वेळ, जागा, वाघ्या बसला होता की उभा, आणि कोंबडी त्या वेळी काय करत होती. वहीत ९ नोंदी झाल्या. त्यातल्या ७ वेळा वाघ्या झोपलेला होता आणि कोंबडी त्याच्या जर्मनच्या थाळीतली शितं टिपायला आली होती. एका नोंदीत काकूंनी लिहिलं होतं, ‘कोंबडी मागल्या पायावरून गेली. दचकला, मग चावला.’ सगळं उत्तर त्या ओळीत होतं. शिकार करणारा कुत्रा पाठलाग करतो. हा तर जागचा उठतही नव्हता.

पशुवैद्यांनी तपासलं तेव्हा खुब्याचे सांधे झिजलेले निघाले, ऐकूही फार कमी येत होतं. डोळ्यांतली निळसर झाक मात्र वयाची होती, मोतीबिंदू नव्हता. म्हणजे कोंबडी आल्याचं त्याला कळत नव्हतं, आणि कळायचं ते दुखऱ्या पायावर पाय पडल्यावर. साखळीने हे आणखी बिघडवलं. कोंबड्या थाळीशी येतच होत्या, आणि उठून बाजूला जायची वाट मात्र बंद झाली होती.

वेदनेचं औषध डॉक्टरांनी रक्त तपासून, वजनावर ठरवून दिलं. इथे कळकळीने सांगावंसं वाटतं: घरातली आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक किंवा पॅरासिटामॉलची गोळी कुत्र्याला अजिबात देऊ नका. पोटात जखमा होतात, मूत्रपिंड किंवा यकृत निकामी होऊ शकतं.

अंगणात बदल फार नव्हते. वाघ्याची जागा पडवीच्या कोपऱ्यात, जुन्या बाकाखाली केली, कारण गावठी कोंबडी ३ फुटांच्या जाळीवरून सहज उडते. वरून आडोसा हवाच. खाली गोणपाट आणि त्यावर चार बोटं जाड गोधडी. समोर जाळीचं हलकं दार, जे घरचं माणूस आसपास असेल तेव्हाच लावायचं. इथे साधी षटकोनी जाळी चालते, कारण ती कोंबड्यांना अडवायची आहे. खुराड्याला मात्र वेल्ड केलेली अर्ध्या इंचाची जाळीच लावा. षटकोनी जाळी कुत्रा दातांनी फाडतो.

जेवण दोन वेळा, दाराच्या आत. १५ मिनिटांनी थाळी उचलायची आणि सांडलेली शितं झाडून काढायची. कोंबड्यांची कणी अंगणाच्या दुसऱ्या टोकाला. संध्याकाळची मूठ खुराड्यातच टाकायची, म्हणजे त्या आपणहून आत जातात. सकाळी १० पर्यंत कोंबड्या आत, तोवर बऱ्याचशा अंडी घालून मोकळ्या होतात आणि वाघ्याला अंगण एकट्याला मिळतं. त्याला उठवायचं तर समोरून यायचं, जमिनीवर पाय आपटायचा. कंप त्याला जाणवतो.

वाचलेल्या कोंबडीच्या जखमेत काकूंनी हळद दाबून भरली होती. हेतू चांगला, पण दाताचं भोक वरून अरुंद आणि आत खोल असतं. तोंड बुजलं की आत पू होतो. पिसं बाजूला करून उकळून गार केलेल्या मिठाच्या पाण्याने (लिटरला दोन सपाट छोटे चमचे) धुवायचं, डालग्याखाली अंधारात शांत ठेवायचं, माशा बसू द्यायच्या नाहीत, नाहीतर अळ्या पडतात. ती दुसऱ्या दिवशीही दाण्याला शिवत नसेल तर डॉक्टर.

तिसऱ्या आठवड्यात एक चूक झाली. पिल्लंवाली कोंबडी मोकळी सुटली आणि बाकाजवळ जाऊन पिसं फुलवून थेट वाघ्याच्या तोंडावर उडाली. तो मागे सरकला, चावला नाही, पण थरथरत होता. पिल्लंवाली दीड महिना तरी वेगळी ठेवायची, हे आधीच सांगायला हवं होतं.

त्यानंतरच्या दोन महिन्यांत वहीत गुरकावण्याच्या दोनच नोंदी आहेत. साखळी काकूंनी काढून टाकली. वही चालूच ठेवायला सांगितली आहे, आता एक रकाना वाढवून: रात्री तो उगाच फिरतो का, कोपऱ्यात तोंड करून अडकून उभा राहतो का. तसं दिसलं तर म्हातारपणी मेंदू थकल्याची शंका घेऊन पुन्हा तपासणी करायची आहे.