वरच्या खोलीतलं ऑफिस बंद करा आता

पत्र, थोडं कमी करून देते:

"अक्का, नमस्कार. मी ४६ वर्षांचा, मूळ लातूरचा. २२ वर्षं पुण्यात काढली, त्यातली शेवटची १४ चाकणला गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या कंपनीत, क्वालिटीला. मार्चमधे नोकरी सोडली. कोणी काढलं नाही, मीच सोडली, बारा वर्षांपासून तेच ठरवून पैसे बाजूला टाकत होतो. लातूरात घर स्वतःचं आहे, कर्ज नाही, म्युच्युअल फंड पीएफ एफडी सगळं मिळून २ कोटी ४० लाख आहेत, पोरगी अकरावीला आहे, तिचे ३० लाख वेगळे ठेवलेत. महिन्याचा खर्च ५५ हजार. हिशोब बसतो. पण घरात आणि गल्लीत सगळ्यांना वर्क फ्रॉम होम आहे म्हणून सांगितलंय, खरं फक्त मिसेसला माहीत. सकाळी १० ला वरच्या खोलीत लॅपटॉप घेऊन जातो, ६ ला खाली येतो. एनएव्ही, म्हणजे फंडाच्या एका युनिटचा भाव, दिवसातून एकदाच बदलते हे माहीत असून दहा वेळा ॲप उघडतो. आप्पा ७४ चे आहेत, कानाला कमी ऐकू येतं, तरी माझी मीटिंग असेल म्हणून टीव्हीचा आवाज बारीक करून अगदी टीव्हीला चिकटून बसतात. मिसेस म्हणते तुम्ही घरात असलात की मला माझं घर वाटत नाही. चपलेचा अंगठा तुटला तर १२०० ची नवी घ्यायला हात होईना, दोनदा शिवून आणली. लोकांना कळलं तर उसने मागणाऱ्यांची रांग लागेल. माझं चुकलं का? परत नोकरी धरू का?"

भाऊ, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा आप्पांच्या टीव्हीपाशी येऊन अडकले. बाकीचं सगळं सुटण्यासारखं आहे हो, पण म्हाताऱ्या माणसाला आधीच ऐकू येत नाही आणि तो तुमच्या नसलेल्या मीटिंगसाठी आवाज बारीक करतो, हे मला सहन होईना. तुम्हालाही होत नसणार, नाहीतर तुम्ही ते लिहिलंच नसतं.

आधी पैशाचं बोलते म्हणजे तो विषय हातावेगळा होईल. वर्षाचा खर्च ६ लाख ६० हजार, म्हणजे जमवलेल्या रकमेच्या पावणेतीन टक्के. तो जो ४ टक्क्यांचा नियम सगळे सांगत असतात, पहिल्या वर्षी जमवलेल्यातले ४ टक्के आणि पुढं महागाईप्रमाणं वाढवून काढले तर पैसे पुरतात असा, तो विल्यम बेंगन नावाच्या अमेरिकन सल्लागारानं १९९४ साली मांडला, तिकडच्या बाजाराचे आकडे घेऊन, आणि तोही ३० वर्षांच्या रिटायरमेंटसाठी. तुम्हाला चाळीस-पंचेचाळीस वर्षं काढायचीत आणि आपल्याकडची महागाई वेगळी, त्यामुळे ४ टक्के काढत असतात तर मी जरा थांबा म्हटलं असतं. पावणेतीनवर मला काळजी वाटत नाही. फक्त घाबरून सगळं एफडीत नेऊन ठेवू नका, महागाई ६ टक्के धरली तरी १२ वर्षांत हेच ५५ हजार १ लाख १० हजार होतात.

खरा धोका सुरुवातीच्या दोन-तीन वर्षांचा असतो. बाजार पडलेला आणि तुम्ही त्याच पडलेल्या भावात युनिट विकून घर चालवायलात, असं झालं की ते युनिट गेले ते गेले, नंतर बाजार वर आला तरी तुमच्याकडं वर यायला ते नसतात. लातूरच्या माणसाला हे समजवायची गरज नाही, विहिरीनं तळ दाखवला असताना मोटार चालू ठेवली तर काय होतं ते आपल्याकडं पोराला पण कळतं, आणि २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेनं पाणी आलेलं तुमच्या घरच्यांनी बघितलंय. म्हणून तीन वर्षांचा खर्च, २० लाख धरा, एफडी आणि लिक्विड फंडात (पाहिजे तेव्हा लगेच काढता येतो तो फंड) वेगळा काढा, आणि त्यातून दर १ तारखेला ५५ हजार दोघांच्या जॉइंट खात्यात आपोआप पडतील असं लावून द्या. पगारासारखं. बाजार चांगला असेल त्या वर्षी फंडातून काढून हे २० लाख परत भरायचे, वाईट असेल त्या वर्षी फंडाला हात लावायचा नाही. असं लावलं की ते ॲप फोनमधून काढून टाका, महिन्यातून एकदा लॅपटॉपवर बघितलं तरी खूप झालं. दिवसातून दहा वेळा बघणं हा हिशोब नाही भाऊ, ती तुमची ड्युटी झालीय, चाकणला पार्ट तपासायचात तसे आता आकडे तपासायलात.

टॅक्ससाठी एकदा सीएकडं बसून घ्या, वर्षापेक्षा जास्त ठेवलेल्या शेअर फंडाच्या नफ्यावर वर्षाला सव्वा लाखाच्या पुढं साडेबारा टक्के लागतो आणि नोकरी सुटल्यानंतर पीएफवर जे व्याज मिळतं ते टॅक्समधे धरतात, हे बऱ्याच जणांना उशिरा कळतं.

पण एका गोष्टीनं माझा जीव खालीवर झाला. एवढ्या मोठ्या पत्रात मेडिक्लेमचा एक शब्द नाही. कंपनीची पॉलिसी नोकरीसोबत गेली, त्यात आप्पांचं नाव असेल तर तेही गेलं. तुम्ही मार्चपासून उघड्यावर असाल तर हे वाचून झाल्यावर पहिलं काम ते करा. बीपी शुगर असं आधीपासूनचं काही असेल तर तीन वर्षांपर्यंतचा वेटिंग पिरियड असू शकतो, म्हणजे आज घेतली तर ४९ व्या वर्षी पूर्ण कामाला येईल. २२ सप्टेंबर २०२५ पासून स्वतः काढलेल्या मेडिक्लेमच्या हप्त्यावरचा जीएसटीही काढलाय. आप्पांची वेगळी काढा, महाग पडेल, तरी काढा.

आणि पोरीचं. लातूरात अकरावीला म्हणजे क्लास, टेस्ट सिरीज आणि मेडिकलची नीट परीक्षा हे आलंच असं धरते. सरकारी कॉलेजला नंबर लागला तर ३० लाख पुरून उरतील. खाजगीला लागला तर पुरणार नाहीत, आणि त्या दिवशी घरात जो गोंधळ होतो, आत्या मामा सगळे फोनवर, "एकुलती एक आहे, भरून टाक", त्या गोंधळात २ कोटी ४० लाखांना हात लागतो. म्हणून आत्ताच, निकाल डोक्यावर नसताना, तिघांनी बसून ठरवा की आपली हद्द किती. पोरीला पण बसवा. तिला सगळा आकडा सांगा, अकरावीची पोरगी लहान नसते.

झालं पैशाचं. आता मुद्द्याचं.

मी स्वतः व्हीआरएसवाली, म्हणजे मुदतीआधी स्वेच्छानिवृत्ती घेतलेली आहे. सरकारी बँकांची ती मोठी व्हीआरएस आली होती ना २०००-२००१ ला, १५ वर्षं सर्व्हिस किंवा ४० वय झालेल्यांसाठी, तेव्हा मी परभणीला एका शाखेत होते, ४३ वर्षांची. घरी सासूबाई आजारी होत्या, मी अर्ज दिला. शेवटच्या दिवशी हार, नारळ, पेढे. पुढच्या सोमवारी सकाळी साडेनऊला मी कडक इस्त्रीची साडी नेसून, डबा भरून, ओट्याजवळ उभी होते, कुठं जायचंय ते आठवेना. पहिल्या महिन्यात तीन वेळा पासबुक भरायच्या निमित्तानं शाखेत गेले. पहिल्या दोन वेळा चहा झाला, गप्पा झाल्या. तिसऱ्यांदा माझ्या टेबलावर बसलेल्या नव्या पोरानं मान वर करून विचारलं, काय काम होतं मॅडम? त्याची काहीच चूक नव्हती. मी बाहेर येऊन लिंबाखाली रिक्षासाठी थांबले आणि दोन रिक्षा सोडल्या, कारण रिक्षात बसले असते तर रडले असते आणि रिक्षावाला ओळखीचा होता.

हे सांगायचं कारण, तुम्हाला जे होतंय ते पैसे कमी पडल्यामुळं होत नाही. २२ वर्षं रोज कोणीतरी तुमची वाट बघत होतं, लाईन थांबली की साहेब कुठंयत म्हणून फोन यायचा. आता कोणी वाट बघत नाही. मला वाट बघणारं माणूस मिळालं ते बचत गटातल्या बायकांमुळं. त्यांची वही लिहायची, बँकेत सोबत जायचं, सही कुठं करायची ते दाखवायचं. पगार नव्हता, पण मंगळवारी मी गेले नाही तर बुधवारी कोणीतरी दारात यायचं, अक्का बरंय ना म्हणून.

पण मी घरात खोटं बोलले नव्हते, म्हणून मला हे सहा महिन्यांत जमलं. तुम्ही आठ महिने वरच्या खोलीत बंद आहात. दिवसा बाहेर पडता येईना, शेतात जाता येईना, जुन्या मित्राकडं बसता येईना, कारण तुमची "ड्युटी" चालू आहे. नोकरी सोडून जे मिळवायचं होतं ते सगळं त्या एका थापेपायी कुलपात आहे. मिसेसला पण तुम्ही कारण नसताना त्यात ओढलंय, तिला आप्पांसमोर, शेजारणीसमोर रोज तुमची बाजू लावून धरावी लागते. तिला घर आपलं वाटेना हे मला तरी पूर्ण पटतं. वरून तुम्ही मधेच खाली येऊन डबे असे का ठेवले, गॅस बारीक का नाही, हे विचारत असाल तर ते आजपासून बंद. दुपारचे १२ ते ४ घर तिचं, तुम्ही बाहेर.

उसने मागणाऱ्यांचं भ्या खरं आहे, ते मी नाकारत नाही. पण नोकरी सोडली हे सांगणं वेगळं आणि आकडा सांगणं वेगळं. आकडा मिसेस आणि पोरगी सोडून कोणालाही सांगायचा नाही, आप्पांनाही नको, त्यांच्या पोटात राहणार नाही, मायेपोटी पारावर बोलून जातील. बाकीच्यांना एवढंच सांगा की पैसे अडकवलेत, महिन्याला ठरलेले येतात, त्यात घर चालतं. हे शब्दाशब्दानं खरंच आहे. जवळच्या माणसाची खरी अडचण असेल तर परत येणार नाहीत असं धरून जमेल तेवढे द्या, आणि वहीत उसने म्हणून लिहू नका.

"कंपनीनं काढलं का?" हे विचारणारच. चार महिने विचारतील, मग दुसरा विषय मिळेल त्यांना.

परत नोकरी धरू का म्हणता. धरायची तर धरा, त्यात कमीपणा नाही, पण आत्ता नको. आत्ता धराल ती तोंड लपवायला धराल. एक वर्ष उघडपणे रिकामं राहून बघा. आणि या वर्षात शेतात पैसा घालू नका, हे हात जोडून सांगते. पुण्याहून आलेली किती माणसं बघितली मी, आल्या आल्या शेडनेट, शेळ्यांचं शेड, बोअर, आणि दोन वर्षांत पुंजी मोडून बसलेली. २०२५ च्या सप्टेंबरच्या पावसानं सोयाबीनची काय गत केली ते तुम्ही बघितलंच. आप्पांच्या मागं मागं दोन खरीप नुसते फिरा, त्यांना विचारत रहा. तुमच्या हाताला दुसरं काम आहे. लातूरची किती आयटीआयची पोरं चाकणला, वाळूजला जायची वाट बघायलेत, त्यांना मुलाखतीत व्हर्नियर (बारीक मापं घ्यायचं अवजार) हातात दिला की घाम फुटतो, ड्रॉईंग वाचता येत नाही. ते तुम्ही १४ वर्षं केलंय. आठवड्यातून दोन दिवस एखाद्या आयटीआयला जाऊन प्राचार्यांना भेटा, मला काही नको, पोरांना शिकवतो म्हणा. शेतकरी कंपन्यांना पण एक्सेल येणारा, प्रतवारी समजणारा माणूस लागतो. कुठं का असेना, वार ठरलेला पाहिजे आणि तुम्ही नाही गेलात तर कोणाचं तरी अडलं पाहिजे.

चप्पल नवी घ्या. बारा वर्षं हात आवळला तो एका महिन्यात सुटत नाही, मला माहितेय, म्हणून स्वतःवर खर्च होईना तर आप्पांपासून सुरू करा. या आठवड्यात त्यांना कानाच्या डॉक्टरकडं न्या, तपासणी करून चांगलं मशीन बसवा, स्वस्तातलं नको, आणि किंमत बघून मनातल्या मनात पावणेतीन टक्क्यांचा हिशोब मांडू नका. मशीनची सवय व्हायला थोडे दिवस लागतात, आवाज आधी कर्कश वाटतो, काढून ठेवतील, परत लावायला सांगा.

तोवर येळवस, शेतात जाऊन करायची वेळ अमावस्या, येईल. कडब्याची खोप करायला यंदा तुम्ही स्वतः जा, सालगड्यावर सोडू नका. पूजा झाली, भज्जी, बाजरीचे उंडे, आंबिल सगळं झालं, पाव्हणेरावळे झाडाखाली आडवे झाले की आप्पांना घेऊन ज्वारीच्या बांधाकडं चालत जा आणि तिथं सांगा. लांबण लावू नका. "आप्पा, मी मार्चमधेच नोकरी सोडलीय, काढलं नाही मला, घर चालेल एवढं केलंय, तुम्हाला सांगायला जीभ उचलली नाही." एवढंच. ते चिडतील बहुतेक, आधी सांगितलं नाही म्हणून. चिडू द्या, मधे बोलू नका. आणि त्यांनी विचारलं की मग रोज वर काय करत होतास, तर तेही खरं सांगा.

घरी आल्यावर टीव्हीचा आवाज तुम्ही मोठा करून द्या.

— अक्का