मुलुंडहून आइंडहोवन, तीन वर्षांसाठी: मुलांना छोट्या इंटरनॅशनल शाळेत घालावं का?

तुमचा प्रश्न वाचला. मिस्टरांची तीन वर्षांसाठी नेदरलँड्समधल्या आइंडहोवनला बदली, मुलगी आयसीएसईत चौथीला, मुलगा सीनियर केजीत, आणि एका छोट्या इंटरनॅशनल शाळेत घालायचं की सरळ डच शाळेत, हे ठरत नाहीये. मी मूळची पार्ल्याची, आता बरीच वर्षं नेदरलँड्समधे आहे आणि माझी दोन्ही मुलं अशाच एका छोट्या शाळेत शिकली, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

सगळ्यात आधी फीचं बघा, आणि तेही ऑफर लेटरवर सही व्हायच्या आधी. इथे इंटरनॅशनल शाळा दोन प्रकारच्या. एक सरकारी अनुदानवाल्या, दुसऱ्या पूर्ण खाजगी. अनुदानवाल्या शाळांची फी खाजगीच्या मानाने बरीच कमी असते, पण तिथे सगळ्यांनाच घेत नाहीत, आई किंवा वडलांची इथली नोकरी ठरावीक मुदतीची आहे असं कंपनीचं पत्र लागतं. आणि मिस्टरांना ३० टक्के रुलिंग (बाहेरून आलेल्या नोकरदाराच्या पगाराचा काही भाग करमुक्त धरायची इथली सवलत) मिळणार असेल तर कंपनीने भरलेली इंटरनॅशनल शाळेची फी त्या सवलतीच्या वर वेगळी करमुक्त धरता येते. हे एचआर आपणहून सांगेलच असं नाही आणि कंपनीवर तसं बंधनही नाही, त्यामुळे तुम्हीच विचारा आणि लेखी घ्या, दोन्ही मुलांची, तिन्ही वर्षांची, प्रवेशाच्या वेळची फी धरून. इथे आल्यावर बघू म्हणालात तर हातात काही राहत नाही.

आता छोटी शाळा. चांगलं काय ते आधी सांगते कारण ते खरंच खूप चांगलं आहे. माझी मुलगी पहिल्या दिवशी गेली तेव्हा तिच्या बाकावर तिचं नाव देवनागरीत लिहिलेलं होतं, बाईंनी कुठूनतरी बघून काढलं होतं, वेलांटी जरा वाकडी, पण पोरीचा चेहरा असा खुलला की मी दारातूनच परत फिरले. मुख्याध्यापिकेला प्रत्येक मुलाचं नाव, भावंडं, घरी कुठली भाषा बोलतात सगळं माहीत. डब्यात थालीपीठ नेलं तर कोणी नाक मुरडत नाही, कारण शेजारच्या डब्यात कोरियन भात असतो आणि पलीकडे ब्राझीलचं काहीतरी. नव्या देशात आलेल्या लेकराला पहिले सहा महिने हेच लागतं.

पण एवढ्यावर निर्णय घेऊ नका. छोट्या शाळेत दोन इयत्ता एका वर्गात बसवतात, ते शिक्षक चांगला असेल तर छान चालतं आणि नसेल तर मोठी मुलं वर्षभर तेच तेच करत बसतात. शिक्षकही बऱ्याचदा बाहेरून आलेले, कराराची मुदत संपली की पुढच्या देशात. आणि दर वर्षी उन्हाळ्याच्या सुट्टीआधी मुलं जातात. शेवटच्या आठवड्यात जाणाऱ्या मुलाच्या टी-शर्टवर सगळे मार्करने सह्या करतात, मुलीचा वर्ग एका वर्षी जवळजवळ अर्धा रिकामा झाला, त्यात तिची जिवलग मैत्रीणही गेली, आणि नंतर कितीतरी दिवस ती कोणाशी नवीन मैत्री करायलाच तयार नव्हती. मोठ्या शाळेत दुसरा ग्रुप तरी असतो, बारा-पंधरा मुलांच्या वर्गात नसतो. म्हणून शाळा बघायला जाल तेव्हा इमारत आणि खेळाचं मैदान राहू दे बाजूला, गेल्या वर्षी किती शिक्षक सोडून गेले, तुमच्या मुलीच्या वयाच्या मुली किती आहेत आणि शाळा कितवीपर्यंत आहे ते स्पष्ट विचारा.

अजून एक, ‘आम्ही आयबी (इंटरनॅशनल बॅकलॉरिएट हा आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रम) फॉलो करतो’ असं कोणी म्हणालं तर तेवढ्यावर थांबू नका. शाळा आयबीची ऑथराइज्ड, म्हणजे मान्यता मिळालेली आहे, की अजून कँडिडेट, म्हणजे मान्यतेच्या वाटेवर आहे, हा मोठा फरक आहे आणि आयबीच्या वेबसाइटवर शाळेचं नाव टाकलं की कळतं. आयबीच्या प्रायमरीला आपल्यासारखी प्रत्येक विषयाची ठरलेली पुस्तकं नसतात, सगळं प्रोजेक्टने चालतं. मुलांना मजा येते, पण पाढे आणि लेखी गणित तुम्हाला घरीच घ्यावं लागेल, विशेषतः परत यायचं असेल तर.

आणि परत यायचं आहे म्हणूनच माझं मत मुलीला इंटरनॅशनलमधेच घाला. डच शाळेत नवीन मुलांना आधी साधारण वर्षभर भाषेच्या वर्गात बसवतात, आणि बाराव्या वर्षाच्या सुमाराला ग्रुप आठमधे, म्हणजे प्राथमिकच्या शेवटच्या वर्षी, शाळा ठरवते की मूल पुढे कुठल्या प्रकारच्या माध्यमिक शाळेत जाईल, तोपर्यंत तिचं डच तेवढं पक्कं होणं अवघड. तीन वर्षांनी ती आठवीत परत येईल, ते बरोबर बसतं. मुक्काम वाढला तर मात्र जपा, कारण सीबीएसई आणि आयसीएसई दोन्हीकडे दहावीचं रजिस्ट्रेशन नववीत होतं, थेट दहावीत प्रवेश मिळणं महाकठीण. शिवाय २०२० च्या कायद्याने महाराष्ट्रात सगळ्या बोर्डांना दहावीपर्यंत मराठी सक्तीचं आहे, तेव्हा मराठी लिहिणं-वाचणं सुटू देऊ नका, रोज पंधरा मिनिटं तरी.

मुलाचं वेगळं. मुक्काम वाढायची थोडी जरी शक्यता असली तरी त्याला डच शाळेत घाला असं मी म्हणेन. पाचव्या वर्षी भाषा आपोआप येते, फी नाही, फक्त थोडी ऐच्छिक वर्गणी असते, आणि मित्र त्याच गल्लीतले मिळतात, ते दर वर्षी निघून जात नाहीत. पण दोन मुलं दोन शाळांत म्हणजे सकाळी पावसात सायकलवर तुमची तारांबळ, बुधवारी बऱ्याच डच शाळा दुपारीच सुटतात, हे धरून चाला. इथे पाच वर्षं झाली की शाळा सक्तीची आहे, त्यामुळे स्वस्त तिकीट मिळालं म्हणून सुट्टीच्या आधीच मुंबईला निघालं असं चालत नाही, दंड होतो.

कागदपत्रांत एकच सांगते, आजच दोघांचे बीएमसीचे जन्मदाखले काढून बघा. खूप जणांच्या दाखल्यावर मुलाचं नावच घातलेलं नसतं. ते घालून घ्या, मग अपोस्टिल (कागद परदेशात चालावा म्हणून सरकारी शिक्का) करायला टाका, इथे म्युनिसिपालटीत नोंदणीला लागतो. शाळेतून दोन वर्षांचे रिपोर्ट कार्डही इंग्रजीत शिक्क्यासकट घ्या. इथे इयत्ता बहुतेक वयावरून ठरते, तेव्हा दोघांचा जन्माचा महिना आणि वर्ष कळवा, कुठल्या वर्गात बसतील ते सांगते.